शेवटच्या जोडीचं प्रकरण: सुझौची दोन महाकाय कासवं

१३ एप्रिल २०१९ ला चीनमधल्या सुझौ शहराच्या प्राणिसंग्रहालयात एक मादी कासव मेलं आणि लगेच जगभर बातमी गेली, की जगातल्या सगळ्यात दुर्मिळ कासवाची शेवटची माहीत असलेली मादी कृत्रिम रेतनानंतर मेली. बातमी खरीच होती. पण ती वाचून बऱ्याच जणांनी जो अर्थ काढला, की शास्त्रज्ञांनी घाई केली, म्हाताऱ्या जनावराला उगाच भूल दिली, नसती ढवळाढवळ केली, तो मला पटत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात घाई अशी कुठेच झालेली नाही, झाला तो उशीर, आणि एकदा नाही, जवळपास प्रत्येक टप्प्यावर. उशिराचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं, की जनावर इतकं मोलाचं की त्याला हात लावायचीच भीती वाटत होती. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून क्रमाने मांडतेय, म्हणजे कुठे काय अडलं ते नीट दिसेल.

आधी कासवाबद्दल. इंग्रजीत याला यांगत्झी जायंट सॉफ्टशेल टर्टल म्हणतात, शास्त्रीय नाव राफेटस स्विनहोई. गोड्या पाण्यातल्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कासवांपैकी एक, वजन शंभर किलोच्या वर जातं आणि पाठ एक मीटरच्या पुढे. सॉफ्टशेल म्हणजे मऊ पाठीचं, यांच्या पाठीवर नेहमीच्या कासवासारखे कडक खवले नसतात, आतल्या चपट्या हाडांवर चामड्यासारखी कातडी ताणून बसवलेली असते आणि कडेचा भाग तर वाकतो सुद्धा. डोकं मोठं, काळपट, त्यावर पिवळे ठिपके आणि वेड्यावाकड्या पिवळ्या रेघा, नाक डुकराच्या नाकाडासारखं पुढे आलेलं. मासे, खेकडे, गोगलगाई, बेडूक जे मिळेल ते खातं, पाणवनस्पती पण खाल्ल्याच्या नोंदी आहेत.

आता याच्या सवयी सांगते, कारण पुढचं अर्धं प्रकरण या सवयींमुळेच घडलंय. मऊ पाठीची कासवं तळाच्या चिखलात किंवा वाळूत अंग गाडून तासन् तास पडून राहतात, श्वासासाठी फक्त नाकाचं टोक पाण्याबाहेर काढतात आणि लगेच परत खाली. शिवाय कातडीतून आणि घशाच्या आतल्या अस्तरातून ती पाण्यातला ऑक्सिजन थोडाफार ओढून घेऊ शकतात, त्यामुळे वर यायची गरज अजून कमी होते. म्हणजे एखाद्या मोठ्या तलावात शंभर किलोचं कासव असेल तरी महिनोन् महिने कुणाला पत्ता लागत नाही, आणि ते नाहीसं झालं तरी तितकाच काळ कुणाला कळत नाही. दुसरी सवय अंड्यांची. मादी पाण्याबाहेर येते ती मुख्यतः अंडी घालायला, काठावरच्या वाळूत पायांनी खड्डा करते, एका वेळी कित्येक डझन गोल, कडक कवचाची अंडी घालते, बुजवते आणि परत जाते, पुढे पिल्लांशी तिचा काही संबंध नाही. अशी वाळू नदीकाठाला उरली नाही की मादी धडधाकट असून उपयोग नसतो. आणि तिसरी गोष्ट आयुष्याची, ही कासवं शंभर वर्षांच्या आसपास जगत असावीत असा अंदाज आहे. ऐकायला छान वाटतं पण यातच धोका असतो, कारण वीस तीस वर्षं एकही पिल्लू जगलं नाही तरी मोठी कासवं तिथेच दिसत राहतात आणि लोकांना वाटतं सगळं ठीक चाललंय.

एकेकाळी हे कासव यांगत्झी नदीच्या खालच्या भागात आणि ताई सरोवराच्या परिसरात होतं, आणि तिकडे दक्षिणेला युन्नानमधून व्हिएतनाममध्ये उतरणाऱ्या लाल नदीच्या खोऱ्यात. मांसासाठी शिकार, अंडी उकरून खाणं, हाडं आणि पाठ औषधासाठी विकणं, नदीवर धरणं, वाळूचे काठ पाण्याखाली जाणं, पाणथळ जागा भरून टाकणं, सगळं एकदमच झालं. यात नवीन सांगण्यासारखं काही नाही, मोठ्या नदीतल्या जवळपास प्रत्येक मोठ्या प्राण्याची हीच गोष्ट आहे.

वेगळी गोष्ट आहे ती ओळखीची. जॉन एडवर्ड ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये शांघायहून आलेल्या नमुन्यावरून या कासवाला नाव दिलं, नाव रॉबर्ट स्विनहो या चीनमधल्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नावावरून (हाच ग्रे, ज्याने आदल्याच वर्षी, १८७२ मध्ये, आपल्या पुण्याच्या नमुन्यावरून लीथच्या मऊ पाठीच्या कासवाचं वर्णन केलं होतं). पण नंतर झालं असं की आशियातली मोठी मऊ पाठीची कासवं वरवर सारखीच दिसतात म्हणून याला पेलोकेलिस नावाच्या दुसऱ्याच गटात टाकलं गेलं, आणि एवढी मोठी जात कागदावरूनच गायब झाली. मेलन आणि वेब या दोघांनी १९८८ मध्ये पेपर लिहून दाखवलं की ही स्वतंत्र आणि आजही जिवंत असलेली जात आहे. म्हणजे शंभरहून जास्त वर्षं गेली, आणि त्यातली शेवटची काही दशकं तर अशी होती जेव्हा चीनच्या प्राणिसंग्रहालयांत यातली कासवं लोकांच्या डोळ्यांसमोर पोहत होती, पाटीवर भलतंच नाव घेऊन. बीजिंगचं २००५ मध्ये मेलं, शांघायचं २००६ मध्ये मेलं. पहिला उशीर हा. ज्या जनावराचं नावच चुकीचं आहे त्याला जोडीदार शोधायचं कुणाच्या डोक्यात येणार?

शोध सुरू झाला तेव्हा सुझौच्या प्राणिसंग्रहालयात एक नर होता, वय शंभरच्या पुढे असावं असा अंदाज. मादी कुठेच नव्हती. मग २००७ मध्ये चांगशाच्या प्राणिसंग्रहालयातलं एक मोठं कासव तपासलं गेलं आणि ती याच जातीची मादी निघाली, वय ऐंशीच्या आसपास धरलेलं. ती तिथे जवळपास पन्नास वर्षं होती, आधी कुठल्यातरी फिरत्या सर्कशीकडून विकत घेतलेली, आणि त्या सगळ्या काळात तिच्याकडे एक मोठं कासव यापलीकडे कुणी पाहिलं नव्हतं. अंडी पण घालत होती ती, नर नसल्यामुळे अर्थातच रिकामी. मला या प्रकरणातली सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट हीच वाटते. एकाच देशात, साधारण हजार किलोमीटरवर, नर आणि मादी दोघंही कित्येक दशकं होते, तरुण होते, आणि मधे फक्त ओळख पटायची बाकी होती.

मे २००८ मध्ये मादीला चांगशाहून रस्त्याने सुझौला आणलं. दोन्ही प्राणिसंग्रहालयं, वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सोसायटी आणि टर्टल सर्व्हायवल अलायन्स असे सगळे मिळून हे काम करत होते आणि प्रजननाची जबाबदारी गेराल्ड कुखलिंग यांच्याकडे होती, ऑस्ट्रेलियातल्या वेस्टर्न स्वॉम्प टॉर्टोइस या अगदी संपत आलेल्या कासवाला वाचवण्याच्या कामासाठी ओळखले जाणारे शास्त्रज्ञ. भीती ही होती की नर मादीवर हल्ला करेल. मोठे सॉफ्टशेल एकमेकांना वाईट चावतात आणि या नराने पूर्वी दुसऱ्या नराशी झालेल्या मारामारीत त्याला मारलं होतं असं सांगितलं जात होतं (हे लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे). त्यामुळे आधी मधे आडोसा ठेवून दोघांना एकमेकांची सवय होऊ दिली, मग आडोसा काढला. नर आक्रमक झाला नाही, उलट मादीमागे फिरायला लागला, जोडी जुळतेय असं दिसलं, आणि नर मादीवर चढतोय हेही बघायला मिळालं. त्याच सीझनमध्ये मादीने शंभराच्या आसपास अंडी घातली. सुरुवातीच्या रिपोर्टमध्ये निम्म्याहून जास्त अंडी फलित आहेत पण आतले जीव सुरुवातीच्या टप्प्यातच मेले असं आलं होतं, शिवाय काही अंड्यांची कवचं फारच पातळ होती, त्यावरून मादीचा आधीचा आहार बरोबर नसावा असा निष्कर्ष निघाला. सगळ्यांनी म्हटलं पहिल्या वर्षाच्या मानाने उत्तम, आहार सुधारू, पुढच्या वर्षी होईल.

पुढच्या वर्षी झालं नाही. २०१० ला पण नाही. मग असं प्रत्येक वर्षी होत राहिलं, मादी नेमाने अंडी घालायची, काही इनक्युबेटरमध्ये वेगवेगळ्या तापमानाला ठेवायचे, काही वाळूतच राहू द्यायचे, आणि शेवटी हातात काहीच नाही.

इथे जरा थांबून अंड्यांबद्दल लिहायला हवं, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की अंडं फलित आहे की नाही हे कळायला काय लागतं, कोंबडीचं अंडं दिव्यासमोर धरून बघतात तसं बघायचं. कासवात तसं सोपं नसतं. अंडं मादीच्या नळीत असतानाच फलित होतं, कवच चढायच्या आधी, आणि आतल्या जिवाची वाढ अगदी सुरुवातीच्या एका टप्प्यावर येऊन थांबते, कारण नळीत ऑक्सिजन फार कमी असतो. अंडं बाहेर पडलं, हवा लागली की वाढ परत चालू होते, मग जीव कवचाच्या आतल्या वरच्या बाजूला चिकटतो आणि तिथे कवचावर एक पांढरा डाग दिसायला लागतो, तो पसरत जातो. त्यामुळे अंडं त्यानंतर उलटं करायचं नसतं, केलं तर आतला जीव मरू शकतो. आता समजा जीव या चिकटण्याच्या आधीच मेला, तर डाग येणार नाही, आणि अंडं फोडून नुसत्या डोळ्यांनी बघितलं तरी फलित न झालेलं अंडं आणि फलित होऊन लगेच मेलेलं अंडं यात फरक करणं अवघड. म्हणजे वरून सगळं सारखंच, पण कारणं मात्र पूर्ण वेगळी. फलितच होत नसेल तर दोष वीर्यात किंवा मिलनात शोधायचा, फलित होऊन मरत असेल तर मादीचं वय, आहार, कवचाची जाडी, उबवण्याचं तापमान, ओलावा असं काहीही असू शकतं. (एक गोष्ट मात्र या गटात सोपी आहे, बऱ्याच कासवांमध्ये उबवण्याच्या तापमानावरून पिल्लू नर होणार की मादी ते ठरतं, मऊ पाठीच्या ज्या कासवांचा अभ्यास झालाय त्यांच्यात ते गुणसूत्रांवरून ठरतं. म्हणजे तापमान बदलून बघताना सगळी पिल्लं एकाच लिंगाची निघतील ही काळजी बहुधा नव्हती.)

तर सुझौमध्ये आधी काय काय बदलून बघितलं ते बघा. आहार, उबवण्याचं तापमान, अंडी ठेवायची जागा. सगळे प्रयोग मादीवर किंवा अंड्यांवर. नराला कुणी नीट तपासलंच नाही, कारण तो मादीवर चढताना दिसत होता म्हणजे त्याचं काम तो करतोय असं धरून चालले. आपल्याकडे मूल होत नाही म्हटलं की तपासण्यांची रांग आधी बाईच्या मागे लागते आणि पुरुषाचा नंबर शेवटी येतो, अगदी तसंच झालं हे. आणि हे नुसतं दुर्लक्ष नव्हतं हे पण मान्य केलं पाहिजे. कासवाचं लिंग एरवी आत दडलेलं असतं, शेपटीखालच्या त्या एकाच दाराच्या आत, क्लोएका म्हणतात त्याला, आणि ते बघायचं तर एवढ्या मोठ्या, चावऱ्या जनावराला भूल द्यावी लागते. शंभरी ओलांडलेला, आपल्या जातीचा हाताशी असलेला एकमेव नर, त्याला भूल द्यायची आणि तो उठलाच नाही तर? कुणीही कचरेल. पण त्या कचरण्यात २००८ ते २०१५ इतके सीझन गेले.

२०१५ मध्ये शेवटी दोघांनाही भूल देऊन तपासलं आणि पहिल्याच तपासणीत कळलं की नराचं लिंग पूर्वी कधीतरी झालेल्या इजेमुळे विद्रूप झालेलं आहे, तो मादीपर्यंत वीर्य पोचवूच शकत नव्हता. बहुधा त्याच जुन्या मारामारीत झालेली इजा. म्हणजे इतकी वर्षं जे मिलन म्हणून बघत होते त्यातून काही होण्यासारखं नव्हतंच. हे कळल्यावर २००८ च्या त्या पहिल्या रिपोर्टकडे परत बघावंसं वाटतं, की तेव्हा फलित म्हणून मोजलेली अंडी खरंच तशी होती का, पण ती तर कधीच गेली.

मग कृत्रिम रेतनाशिवाय मार्ग उरला नाही. गाई-म्हशींमध्ये हे रोजचं काम झालंय, पण मऊ पाठीच्या कासवात याआधी ते झालेलं नव्हतं, आणि इथे तर पहिला प्रयोगच शेवटच्या जोडीवर. नराकडून वीर्य घ्यायला भूल देऊन हलके विजेचे झटके द्यावे लागतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू बघायचे. शुक्राणू मिळाले पण म्हाताऱ्या नराचेच ते, फार जोमदार नव्हते. मादीत ते नुसते दारात सोडून भागत नाही, कासवाच्या मादीला दोन अंडनलिका असतात आणि फलन होतं ते त्यांच्या वरच्या टोकाला, त्यामुळे जितकं आत पोचवता येईल तितकं बरं. वेळ पण साधावी लागते. अंड्यांतला पिवळा बलक कित्येक महिने आधीपासून भरत येतो आणि मग सगळी बीजांडं थोड्याच काळात सुटतात, ते अल्ट्रासाऊंडवर बघून ठरवायचं. एक आशा अशी होती की कासवांच्या माद्या शुक्राणू स्वतःच्या शरीरात महिनोन् महिने, काही जातींत वर्षानुवर्षं साठवून ठेवतात आणि लागतील तसे वापरतात, म्हणजे एकदा पुरेसे पोचले तर एका सीझनमधल्या दोनतीन घरट्यांना पुरतील. पण २०१५ ची अंडी निकामी निघाली, नंतरचीही.

आता भुलीचा मुद्दा, कारण सगळा वाद त्यावरच झाला. कासव पाण्यात श्वास रोखून राहणारं जनावर, त्यामुळे भुलीचा वायू नाकाशी धरला तरी ते श्वासच घेत नाही, बहुतेक वेळा इंजेक्शन द्यावं लागतं आणि मग श्वासाची काळजी बाहेरून घ्यावी लागते. शरीराचं काम सगळं संथ आणि बाहेरच्या तापमानावर चालणारं, म्हणून औषध उतरायला पण खूप वेळ लागतो. हे सगळं तिथल्या टीमला माहीत होतं आणि आधीच्या चार वेळी दोन्ही कासवं व्यवस्थित उठली होती. एप्रिल २०१९ चा पाचवा प्रयत्न. आधीच्या तपासणीत मादी ठीक होती, प्रक्रियेत काही बिघडलं नाही, नर नेहमीसारखा शुद्धीवर आला, मादी आली नाही. जवळपास चोवीस तास डॉक्टर तिच्याजवळ होते. दुसऱ्या दिवशी ती मेली, वय नव्वदीच्या पुढे. तिच्या अंडाशयाचा भाग काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलाय.

मी वर म्हटलं की घाई झाली नाही, ते का ते आता सांगते. त्या वर्षी रेतन केलं नसतं तर काय झालं असतं? मादी अजून काही वर्षं जगली असती, दर उन्हाळ्यात रिकामी अंडी घालत, आणि मग म्हातारपणानेच गेली असती, जातीच्या दृष्टीने दोन्हीचा हिशोब सारखाच. नराची इजा कळल्यावर थांबणं याचा अर्थ सोडून देणं एवढाच होता. ज्यांनी टीका केली त्यांना २०१९ चा दिवस दिसला, मला मात्र २००८ चा उन्हाळा दिसतो. तेव्हा मादी अकरा वर्षांनी तरुण होती, नर पण. आडोसा काढायच्या आधीच नराची एक पूर्ण तपासणी झाली असती, रिस्क घेऊन का होईना, तर कृत्रिम रेतनाचे प्रयत्न सहासात वर्षं आधी सुरू झाले असते आणि नराचे शुक्राणू कदाचित बरे निघाले असते. मी हे आज बसून लिहितेय, तेव्हा तिथे उभं राहून भुलीची सुई हातात घेणं किती कठीण असेल याची मला कल्पना आहे. तरीही माझं मत तेच आहे, दोनच जनावरं उरली असतील तर सगळ्यात धोक्याची तपासणी सगळ्यात आधी, जनावरं सगळ्यात धडधाकट असताना करून घ्यायची, कारण पुढच्या प्रत्येक वर्षी तीच तपासणी अजून धोक्याची होत जाते.

व्हिएतनामची बाजू बघितली तर हीच गोष्ट दुसऱ्या रूपात दिसते. हनोईच्या मध्यभागी होआन किएम तलावात याच जातीचं एक कासव होतं. पंधराव्या शतकातल्या ले लोई राजाने मिंग फौजांना हाकललं आणि मग देवाने दिलेली तलवार याच तलावातल्या कासवाने त्याच्याकडून परत घेतली अशी तिथली कथा, त्यामुळे लोक या कासवाला आजोबा-पणजोबाच्या मानाने वागवायचे. तिथल्या काही अभ्यासकांचं म्हणणं होतं की ती वेगळीच जात आहे, राफेटस लेलोई असं नावही दिलं होतं, पण बाकीचे बहुतेक शास्त्रज्ञ तिला स्विनहोईच मानतात. २०११ मध्ये अंगावर जखमा दिसल्या म्हणून त्याला पकडून उपचार केले आणि परत सोडलं. १९ जानेवारी २०१६ ला ते मेलं, वजन १६९ किलो. सुझौमध्ये २०१५ ला नराची इजा कळली, आणि वर्षभराच्या आत तिकडचं कासव गेलं. दोन देशांतल्या जनावरांचा एकत्र विचार करून काही घडवायला जो काळ हातात होता तो असा निघून गेला, आणि यात प्राण्याच्या धोक्याइतकाच त्याच्या मानाचाही अडसर होता असं मला वाटतं.

हनोईच्या पश्चिमेला डोंग मो तलावात अजून एक होतं, २००७ मध्ये त्याचा फोटो मिळाला होता. २००८ मध्ये बांध फुटला आणि ते खाली वाहून गेलं, एका मच्छीमाराला सापडलं, ते विकलं जाण्याच्या बेतात होतं, पण अधिकारी आणि कासवांवर काम करणाऱ्या लोकांनी मधे पडून ते परत तलावात सोडवलं. मग बारा वर्षं ते अधूनमधून नाक वर काढायचं आणि लोक काठावरून दुर्बिणीने बघायचे. नर की मादी ते ठाऊक नव्हतं! सुझौमध्ये एकीकडे मादीवर एकामागून एक प्रयत्न चालू होते आणि इथे दुसरी मादी असेल का याचं उत्तर पाण्याखाली पडून होतं. एवढ्या मोठ्या तलावात पकडणं सोपं नाही हे खरंच, वर सवयी सांगितल्या त्या उगाच नाहीत, पण मुद्दाम पकडायची मोहीम सुझौची मादी मेल्यावर झाली हे पण खरं आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ते जाळ्यात आलं, ८६ किलो, तपासलं तर मादी. सॅम्पल घेऊन परत सोडली. आनंदाची बातमी होती ती, मला आठवतंय किती लोकांनी तेव्हा शेअर केली होती. एप्रिल २०२३ मध्ये ती तलावात मेलेली तरंगताना सापडली, वजन ९३ किलो, म्हणजे मधल्या काळात वजन वाढलं होतं.

आज खात्रीने माहीत असलेलं एक कासव उरलंय, सुझौचा तोच नर. व्हिएतनाममध्ये सुआन खान नावाच्या तलावाच्या पाण्यात २०१८ मध्ये या जातीचा इडीएनए मिळाला, म्हणजे कासवाच्या अंगावरून गळलेल्या पेशींतला डीएनए नुसत्या पाण्याच्या सॅम्पलमधून ओळखता येतो, त्यामुळे तिथे निदान एक असावं असं धरतात. माझ्या दृष्टीने आता या प्रकरणातला सगळा जोर शोधावर हवा. चिखलात गाडून बसणारं जनावर डोळ्यांनी शोधून सापडत नाही, ते पाण्याच्या सॅम्पलने शोधावं लागतं, आणि त्या त्या तलावावर आयुष्य काढलेल्या जुन्या मच्छीमारांना विचारून, कारण डोंग मोसारख्या ठिकाणी कासव पहिल्यांदा त्यांनाच दिसत आलंय. लाल नदीच्या खोऱ्यात असे कितीतरी तलाव आणि धरणांचे फुगवटे आहेत.

कुठे सापडलंच, तर काय करायचं हे आधीच ठरलेलं असायला हवं. मादी निघाली तर सुझौच्या नराशी जोडी लावून उपयोग नाही हे आता स्पष्ट आहे, त्याच्याकडून वीर्य घेऊन रेतनच करावं लागेल, आणि ते ताजंच न्यावं लागेल, कारण कासवांचं वीर्य गोठवून परत चांगलं वापरता येणं अजून भरवशाचं झालेलं नाही. म्हणजे मादीला सुझौजवळ आणायचं की नराला व्हिएतनामकडे, हा प्रश्न दोन सरकारांनी मिळून सोडवायचाय, आणि तो मादी सापडायच्या आधी सोडवलेला बरा. सुझौमध्ये चार वर्षं जे शिकले, भुलीचं प्रमाण, वीर्य कसं घ्यायचं, अल्ट्रासाऊंडवर वेळ कशी ओळखायची, ते सगळं तेव्हा जसंच्या तसं लागणार आहे. नर निघाला तर मात्र त्याला जाळ्यातून काढल्या काढल्या पूर्ण तपासायचा, परत पाण्यात सोडून पुढच्या सीझनची वाट बघायची नाही.

सुझौच्या नराचं वय लक्षात घेतलं तर यातलं काहीही फार पुढे ढकलता येण्यासारखं नाही.